मुलांच्या स्ट्रिंग ऑर्केस्ट्रात सँ-जॉर्ज आणि सँचो कसे बसवावेत: नव्या शिक्षकांसाठी पायरी-पायरीने

मुलांच्या स्ट्रिंग ऑर्केस्ट्रांच्या कार्यक्रमपत्रिका काढून बघा. क्लासिकल काळ म्हटला, म्हणजे साधारण 1750 ते 1820, की मोझार्ट, हेडन, फार तर बोकेरिनीचा तो मिन्युएट. त्याच वर्षांत पॅरिसमध्ये सँ-जॉर्ज, लंडनमध्ये सँचो असे कृष्णवर्णीय संगीतकारही लिहीत होते. त्यांचं संगीत छापलं जात होतं, विकलं जात होतं. त्यातलं काही मुलांच्या हाताला छान बसतं, काही अजिबात बसत नाही. कोणतं बसतं आणि कसं बसवायचं, याबद्दल हा लेख आहे.

मी पुण्यात मुलांना व्हायोलिन शिकवते आणि त्यांचा छोटा स्ट्रिंग ऑर्केस्ट्राही चालवते. हे संगीत बसवायला घेतलं तेव्हा माहिती दहा ठिकाणी विखुरलेली होती. चरित्र एकीकडे, पार्ट (प्रत्येक वाद्याचा स्वतंत्र स्वरलेखनाचा कागद) दुसरीकडे, आणि 'हे मुलांना झेपेल का' याचं उत्तर कुठेच नाही. तुमचा तेवढा वेळ वाचावा म्हणून लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. संगीतकाराची कहाणी आवडली म्हणून कृती निवडू नका. फर्स्ट व्हायोलिनचा पार्ट उघडा, आपल्या पोरांची बोटं डोळ्यांसमोर आणा आणि मग ठरवा. कहाणी सांगायला पुढे भरपूर जागा आहे.

1. आधी वर्ग मोजा

एका कागदावर लिहून काढा: व्हायोलिन किती, त्यातली तिसऱ्या पोझिशनला (डावा हात फिंगरबोर्डावर वर सरकवून) बिनधास्त जाणारी किती, व्हायोला आहे का, चेलो किती, डबल बेस आहे का. आपल्याकडे चित्र बहुधा एकच असतं. व्हायोलिन रगड, चेलो एखाद-दुसरा, व्हायोला नाहीच. तसं असेल तर 'तिसरं व्हायोलिन' असा पार्ट तुम्हालाच करावा लागणार, हे आत्ताच धरून चाला.

कोणाला पाच रेघांचं नोटेशन नजरेनं वाचता येतं, तेही लिहा. हिंदुस्थानी व्हायोलिन शिकून आलेल्या मुलांचा कान तयार असतो, पण वाचन कच्चं असतं. त्यांना सेकंड व्हायोलिनमध्ये पक्क्या वाचणाऱ्या मुलाच्या शेजारी, एकाच स्टँडवर बसवा. त्यांना वेगळा सरगमचा कागद लिहून देऊ नका. तो एकदा दिला की मूल वर्षभर त्याच कागदावर राहतं.

2. कोणाचं काय निवडायचं

*इग्नेशियस सँचो (सुमारे 1729 ते 1780).* पहिल्यांदाच करत असाल तर इथून सुरुवात करा. गुलामगिरीत जन्मलेला हा माणूस लंडनमध्ये माँटेग्यू घराण्याकडे नोकरीला होता. पुढे वेस्टमिन्स्टरमध्ये त्यानं स्वतःचं वाणसामानाचं दुकान टाकलं. मालमत्ता असल्यामुळे त्याला मताचा हक्क होता आणि 1774 मध्ये त्यानं तो बजावलाही. त्याचे मिन्युएट, कोटिलियन आणि कंट्री डान्स छापून आले. 1779 सालासाठीचे बारा कंट्री डान्स हा त्याचा एक संच आहे.

हे नाच अगदी छोटे आहेत. वर एक सूर, खाली बेस, दोन भाग, दोन्ही परत वाजवायचे. पहिल्या पोझिशनमधली मुलं ते आरामात वाजवतात. मधले आवाज मात्र तुम्हाला भरावे लागतात (पायरी 5 पाहा). 'स्ट्रॉबेरीज अँड क्रीम' किंवा 'लेडी मेरी माँटेग्यूज रील' घ्या. याच संचात 'मंगोज डिलाइट' नावाचा नाचही आहे. तो घेतलात तर नाव समजून घ्या. 'मंगो' हे 1768 च्या एका लोकप्रिय इंग्रजी संगीतनाटकातल्या कृष्णवर्णीय नोकराचं नाव. ते पात्र गोरा नट तोंडाला काळं फासून करायचा, आणि पुढे ते नाव हिणवण्यासाठी वापरलं जाऊ लागलं. ते शीर्षक सँचोनं स्वतःच्या नाचाला दिलं आहे. मोठ्या मुलांशी यावर बोलता येतं. आठ वर्षांच्या मुलांसाठी दुसरा नाच घ्या.

*जोसेफ बोलोन्य, शेवालिए द सँ-जॉर्ज (1745 ते 1799).* आपलं मुख्य काम याच्याकडे आहे. ग्वाडेलूप बेटावर जन्म. वडील फ्रेंच मळेवाले, आई नॅनॉन त्याच घरातल्या गुलामगिरीतली. लहानपणीच तो फ्रान्सला आला, तलवारबाजीत अव्वल ठरला, आणि 1773 मध्ये पॅरिसच्या 'काँसेर दे झामातर' या नावाजलेल्या ऑर्केस्ट्राचा प्रमुख झाला.

विद्यार्थ्यांसाठी त्याच्या कृती मी अशा क्रमानं घेईन:

- ओपस 1 (ओपस म्हणजे कृतिक्रमांक) ची स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठीच्या रचना, 1773 मध्ये पॅरिसला छापलेली. सहा आहेत, प्रत्येकात दोनच मूव्हमेंट (स्वतंत्र भाग). पहिलं सी मेजरमध्ये, सहावं डी मेजरमध्ये. सुरुवात या दोनपैकी एकानं करा. दुसरं ई फ्लॅटमध्ये आणि चौथं सी मायनरमध्ये आहे, दोन्हींना तीन फ्लॅट. चौथं ऐकायला सगळ्यांत आकर्षक, त्यामुळे शिक्षक हमखास त्यावर उडी मारतात, आणि मग ए फ्लॅट सुरात यावा म्हणून दोन महिने जातात.
- ओपस 11 च्या दोन सिंफनी, जी मेजर आणि डी मेजर. दोन्हींना तीन-तीन मूव्हमेंट. डी मेजरची हीच सिंफनी 1780 च्या 'लामाँ आनोनिम' या त्याच्या ऑपेराचं ओव्हर्चर (सुरुवातीचं वाद्यसंगीत) आहे. मुळात स्ट्रिंगबरोबर दोन ओबो आणि दोन हॉर्न आहेत. वर्ग मध्यम पातळीचा झाला की घ्या.
- ओपस 13 च्या सँफोनी काँसेर्ताँत, दोन सोलो व्हायोलिनसाठी. वर्गात दोन मुलं इतरांपेक्षा बरीच पुढे असतील तर यासारखं दुसरं काही नाही. दोघांना काम मिळतं आणि बाकीच्यांना सोपी साथ.

त्याच्या व्हायोलिन कन्चेर्टोंकडे मात्र जरा दुरूनच बघा. स्वतः अफाट वाजवणारा होता. सोलो पार्ट फिंगरबोर्डाच्या टोकापर्यंत जातो आणि गज तारांवरून सारखा उड्या मारतो.

*फादर जुझे माउरिसियु नुनेस गार्सिया (1767 ते 1830).* रिओ द जानेरोचा, गुलामांचा नातू, 1798 पासून तिथल्या कॅथेड्रलचा संगीतप्रमुख. 1819 मध्ये त्यानं रिओत मोझार्टचा रेक्विएम सादर केला. त्याचं बहुतेक संगीत चर्चसाठीचं आहे, गायकवृंदासकट. गोव्यात किंवा वसई-वांद्र्याला तुमच्याजवळ चांगला क्वायर असेल तर जरूर बघा. नुसत्या स्ट्रिंगसाठी हाताला फारसं लागत नाही.

*जॉर्ज ब्रिजटॉवर (1778 ते 1860).* 24 मे 1803 ला व्हिएन्नात बीथोव्हेनबरोबर 'क्रॉइट्झर' सोनाटा पहिल्यांदा वाजवणारा व्हायोलिनवादक हाच. नंतर दोघांचं बिनसलं आणि अर्पण क्रॉइट्झर या दुसऱ्याच व्हायोलिनवादकाला गेलं. मुलांना ही गोष्ट फार आवडते, पण ऑर्केस्ट्रासाठी त्याचं काही बसवायला घेऊ नका. त्याच्या रचना थोड्याच आहेत आणि त्या वेगळ्या प्रकारच्या आहेत.

खबरदारी: जुन्या याद्यांमध्ये शेवालिए द म्यूद-मोंपा हे नाव कृष्णवर्णीय संगीतकार म्हणून अजून सापडतं. त्याच्या नावापुढचा 'काळा' हा शब्द बहुधा त्याच्या पलटणीतून आला. फ्रेंच राजाच्या मस्केटियरांच्या दोन तुकड्या घोड्यांच्या रंगावरून ओळखल्या जायच्या, त्यांतली काळ्या घोड्यांची ती त्याची. यादीतलं नाव उचलण्याआधी चरित्र दोन ठिकाणी पडताळा.

3. पार्ट मिळवा

आयएमएसएलपी या जुन्या संगीताच्या ऑनलाइन संग्रहावर सँ-जॉर्जच्या बऱ्याच कृतींची स्कॅन फुकट मिळतात. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गॅलिका संग्रहातही शोधा. आडनावाचं स्पेलिंग 'बोलोन्य' आणि 'बुलोन्य' असं दोन्ही प्रकारे आढळतं. 'सँ-जॉर्ज' शेवटी एस लावून आणि न लावता, दोन्ही चालतं. एका शब्दानं काही मिळालं नाही म्हणून कृतीच नाही असं समजू नका.

हक्कांचं थोडक्यात. मूळ संगीत कधीच मुक्त झालं आहे. भारतात हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो आणि ही मंडळी दीड-दोन शतकांपूर्वी गेली. पण आजच्या संपादकानं केलेली आवृत्ती किंवा अरेंजमेंट त्याच्या मालकीची असते. विकत घेतलेला एक संच झेरॉक्स करून पंचवीस मुलांना वाटायचा नाही. आयएमएसएलपीवरही प्रत्येक फाइलखाली परवान्याची ओळ असते, ती वाचा.

हाताशी ठेवायचं सामान:

- मूळ छापील पार्टची स्कॅन, सगळी, फक्त फर्स्ट व्हायोलिनची नाही
- म्युझस्कोअर किंवा तसं नोटेशनचं सॉफ्टवेअर (म्युझस्कोअर फुकट आहे)
- प्रत्येक स्टँडला एक पार्ट आणि वर प्रत्येकाच्या दोन जास्तीच्या प्रती
- बोइंग (गज कुठे वर, कुठे खाली) लिहिलेली मूळ प्रत, जी तुमच्याजवळच राहील
- मऊ शिसाच्या पेन्सिली, भरपूर. पेन वर्गात येऊच देऊ नका
- मेट्रोनोम, व्हायोलिनच्या तारांचा एक जास्तीचा सेट, राळ

4. अठराव्या शतकाचा छाप वाचायला शिका

नवखा माणूस सगळ्यांत जास्त इथेच अडखळतो, म्हणून जरा सावकाश.

पहिली गोष्ट, त्या काळी क्वार्टेट छापताना स्कोअर (सगळे पार्ट एकाखाली एक दाखवणारी प्रत) छापत नसत. चार पार्ट वेगळे छापत. त्यामुळे एका पार्टात स्लर (नोटा एका गजात जोडणारी वक्र रेघ) आहे, दुसऱ्यात त्याच जागी नाही. एकाला फोर्ते (मोठ्यानं), दुसऱ्याला अर्धा बार (दोन उभ्या रेघांमधलं मात्रांचं घर) उशिरा. असं सतत दिसतं. चारही पार्ट स्वतः म्युझस्कोअरमध्ये भरा. कंटाळवाणं काम आहे, पण एखाद्या पार्टात बार कमी पडला किंवा दोन आवाज भांडायला लागले की छपाईची चूक तिथेच पकडली जाते. तालमीत, वीस मुलांसमोर पकडण्यापेक्षा हे बरं.

दुसरी गोष्ट विश्रांतीच्या खुणा. जुन्या फ्रेंच छापात क्वार्टर रेस्टची (एका मात्रेच्या विश्रांतीची) खूण आपल्या एट्थ रेस्टसारखीच (अर्ध्या मात्रेच्या) दिसते, फक्त उलट्या तोंडाची. खुणेचा हूक एका बाजूला वळला तर एक मात्रा, दुसऱ्या बाजूला वळला तर अर्धी. हे माहीत नसेल तर बारच्या मात्रा जुळत नाहीत आणि आपण छापणाऱ्याला शिव्या घालत बसतो.

तिसरी, शार्प-फ्लॅट. आज खूण बार संपेपर्यंत लागू असते. तेव्हा हा नियम सैल होता, कधी लगेचच्या स्वरापुरतीच खूण धरायचे. शंका आली की बेस बघा. तिथला कॉर्ड काय म्हणतो त्यावरून ठरवा आणि तुमच्या प्रतीत ती खूण कंसात लिहा.

चौथी, नोटच्या डोक्यावरची उभी रेघ किंवा पाचर. आजच्या पुस्तकांवर वाढलेली मुलं तिला ॲक्सेंट समजून गज आपटतात. तिथे सहसा स्वर तोडून, हलका वाजवायचा असतो.

5. पार्ट तुमच्या वर्गाला बेता

क्वार्टेट ऑर्केस्ट्राकडून वाजवून घ्यायचं तर चेलोचा पार्ट डबल बेसलाही द्या. तो आपोआप एक सप्तक खाली वाजेल. पण सगळीकडे देऊ नका. पियानो (म्हणजे हळू आवाजात) लिहिलेल्या जागा आणि चेलो सुरावट घेतो त्या जागा बेसमधून काढून टाका, नाहीतर सगळं जड होतं.

व्हायोला नसेल तर तिचा पार्ट ट्रेबल क्लेफमध्ये उतरवा. व्हायोलिनच्या खालच्या जीच्या खाली जाणारे स्वर एक सप्तक वर घ्या. मात्र वर घेतल्यावर तो आवाज फर्स्ट व्हायोलिनच्या डोक्यावर बसत नाही ना, हे प्रत्येक ठिकाणी तपासा.

सिंफनीत ओबो-हॉर्न नसतील तर घाबरू नका. या काळात हॉर्न बरेचदा लांब स्वर धरून हार्मनी भरतात. स्कोअरमध्ये पेन्सिलीनं खूण करत जा: ओबोकडे असा एखादा स्वर आहे का, जो स्ट्रिंगमध्ये कुठेच नाही? तेवढाच सेकंड व्हायोलिनला किंवा व्हायोलाला द्या. बाकी सोडून द्या.

सँचोच्या नाचांत मधले आवाज लिहिताना हात आवरा. सेकंड व्हायोलिनला बहुतेक जागी सुराच्या खाली तिसरा किंवा सहावा स्वर, व्हायोलाला कॉर्डचा उरलेला स्वर, साध्या तालात. उगाच एकोणिसाव्या शतकातले कॉर्ड कोंबले तर नाचाची पावलंच जातात.

रोंदो (मुखडा वारंवार परत येणारी रचना) आला तर एक युक्ती. परत येणारा मुखडा सगळ्या ऑर्केस्ट्रानं वाजवायचा आणि मधले अवघड तुकडे फक्त पहिल्या स्टँडच्या मुलांनी. कमी तयारीच्या मुलांनाही पूर्ण मूव्हमेंटभर काम राहतं आणि ऐकणाऱ्याला मुखडा परत आला हे चटकन कळतं.

6. तालीम

बेसपासून सुरू करा. पहिल्या तालमीला फर्स्ट व्हायोलिनला हात लावू नका. चेलो-बेस आणि व्हायोला (किंवा तिसरं व्हायोलिन) एवढेच वाजवू द्या, बाकीच्यांनी पार्टात बोट ठेवून ऐकायचं. क्लासिकल काळातल्या खालच्या आवाजांत एकाच स्वराचे सलग एट्थ नोट फार असतात. मुलं ते खरवडतात. गजाच्या मध्याच्या जरा खाली, थोड्याच लांबीत, तार सोडली-न सोडली असा गज चालू द्या. ते हलकं झालं की वरचं निम्मं काम झालंच.

मग छोटे स्वर. मुख्य नोटच्या आधी बारीक छापलेली नोट असते ना, तिथे आपल्याकडची मुलं कण घेतात, झटकन. हिंदुस्थानी शिकलेली तर हमखास. कान त्यांना तेच सांगतो. पण या संगीतात ती बारीक नोट बरेचदा मात्रेवर येते, पुढच्या नोटची अर्धी लांबी खाते, आणि वजनही तिच्यावरच असतं. मुख्य नोट नंतर हलकेच येते. मी फळ्यावर दोन्ही लिहून गाऊन घेते. आधी कण, मग टेकून. एका मुलीनं दुसऱ्या वेळी गाऊन बघितलं आणि म्हणाली, "टीचर, हे तर विनवणी केल्यासारखं झालं." तसंच वाजवायला सांगितलं, सेकंड व्हायोलिनही लगेच तसंच वाजवायला लागले.

दोन-दोन नोटच्या स्लरलाही हाच न्याय: पहिली भारी, दुसरी सोडून दिलेली. ट्रिल (दोन शेजारच्या स्वरांची झरझर आवर्तनं) वरच्या स्वरापासून सुरू करा. फोर्तेतून पियानोत जाताना मध्ये लांबलचक डिमिन्युएंडो (आवाज हळूहळू कमी करणं) घालू नका. बहुतेक ठिकाणी एकदम बदल अपेक्षित असतो. मिन्युएट तीन मोजून वाजवला की पाय जड होतात, बारला एक असा मोजा.

वेग शेवटी वाढवा. यूट्यूबवरची रेकॉर्डिंग व्यावसायिक लोकांची असतात आणि मुलं ती आधीच ऐकून आलेली असतात. 'प्रेस्तो' (अतिजलद) छापलं आहे म्हणून त्या वेगानं वाजवलंच पाहिजे असं नाही. सगळ्यात हळू बोटाच्या मुलाला स्वच्छ वाजवता येईल तोच वर्गाचा वेग.

7. मुलांना गोष्ट सांगताना

सँ-जॉर्जला 'काळा मोझार्ट' म्हणू नका. पोस्टरवर तर नकोच. तो मोझार्टपेक्षा अकरा वर्षांनी मोठा होता, आणि 1778 मध्ये मोझार्ट पॅरिसला काम शोधत होता तेव्हा हा तिथला नामवंत ऑर्केस्ट्राप्रमुख होता.

आईबद्दल बोलताना 'गुलाम बाई' म्हणण्यापेक्षा 'गुलामगिरीत ठेवलेली नॅनॉन' असं म्हणा. नाव ठाऊक आहे तर नाव घ्या. मुलं नेमके प्रश्न विचारतात. "आई गुलाम होती, मग त्याला तलवार कोणी दिली?" असा प्रश्न येईलच. सरळ उत्तर द्या: वडील श्रीमंत होते, त्यांनी मुलाला फ्रान्सला नेलं, उत्तम शिक्षण दिलं, आणि त्यांचा पैसा मळ्यावरच्या गुलामांच्या कष्टातून येत होता. दोन्ही खरं आहे, दोन्ही सांगा.

1776 चा प्रसंगही सांगण्यासारखा आहे. पॅरिस ऑपेराच्या प्रमुखपदासाठी त्याचं नाव पुढे आलं तेव्हा तिथल्या काही गायिका-नर्तिकांनी राणीकडे अर्ज केला की मिश्रवर्णीय माणसाच्या हुकुमाखाली आम्ही काम करणार नाही. ते पद त्याला मिळालं नाही.

आणि आपल्या घरातलंही बघा. वर्गात 'काळा' शब्द आला की कोणीतरी खुदकन हसतं आणि एखाद्या सावळ्या मुलाकडे बघतं. तिथे भाषण देऊ नका, पण सोडूही नका. "हसण्यासारखं काय होतं?" एवढं शांतपणे विचारून थांबा.

त्याचं चित्र दाखवायचं तर मॅथर ब्राउननं 1787 मध्ये काढलेलं दाखवा. हातात तलवार आहे, व्हायोलिन नाही. मुलांना ते फार आवडतं.

8. कार्यक्रम आणि नंतर

क्रम असा ठेवा: सँचोचे दोन-तीन नाच, मग सँ-जॉर्ज, मग हेडन. हेडनच्या 82 ते 87 क्रमांकाच्या 'पॅरिस सिंफनी' ज्या काँसेर द ला लोज ऑलिम्पिकसाठी लिहिल्या गेल्या, त्या ऑर्केस्ट्राचा प्रमुख सँ-जॉर्जच होता. म्हणजे कार्यक्रमाला आपसूक धागा मिळतो. हेडनची पूर्ण सिंफनी झेपणार नसेल तर तिच्यातला मिन्युएट स्ट्रिंगसाठी बेतून घ्या.

'कृष्णवर्णीय संगीतकारांची खास संध्याकाळ' असा वेगळा कोपरा करण्यापेक्षा नेहमीच्या वार्षिक कार्यक्रमात हे वाजवा. आणि पुढच्या वर्षीही वाजवा. एकदा बसवलेलं क्वार्टेट दुसऱ्या वर्षी निम्म्या तालमीत उभं राहतं.

निवेदकाला नावं आधी म्हणायला लावा, स्टेजच्या मागे, मोठ्यानं. कार्यक्रमपत्रिकेत संगीतकाराचं पूर्ण नाव, जन्म-मृत्यूची वर्षं, ओपस क्रमांक आणि पार्ट तुम्ही बेतले असतील तर तसा उल्लेख असू द्या.

कार्यक्रम झाल्यावर पार्ट त्याच दिवशी गोळा करा. मुलांच्या पेन्सिलीतली बोइंग आणि फिंगरिंग मूळ प्रतीत उतरवा, म्युझस्कोअरची फाइल सुधारा. मूळ मुक्त छापावरून तुम्ही स्वतः केलेली फाइल असेल तर इतर शिक्षकांना द्या, आणि सोबत एक पान जोडा: छापातल्या कोणत्या चुका कोणत्या बारमध्ये दुरुस्त केल्या त्याची यादी.